ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर शिकताना पुस्तकं कशी निवडली, कशी वापरली

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरवरचं, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्या वापरून सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रावरचं, एकही पुस्तक आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचलेलं नाही, आणि कुणी तसं वाचावं असंही आम्हाला वाटत नाही. या विषयाची बरीच चांगली पुस्तकं १९३० ते १९६० या काळातली आहेत. ती कारखान्यातल्या इंजिनिअरसाठी, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यासाठी किंवा कॉलेजातल्या विद्यार्थ्यासाठी लिहिली गेली. घरी टेबलावर पहिला अ‍ॅम्प्लिफायर बांधणारा माणूस त्या लेखकांच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्यामुळे पुस्तक चांगलं की वाईट हे नंतर ठरवायचं. ते कुणासाठी लिहिलंय आणि वाचकाला काय आधीच येतं असं धरून चाललंय, हे आधी बघायचं.

नावावरून किती फसगत होते याचं एक ठळक उदाहरण आहे. १९४८ साली एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरी मालिकेत अठरावा खंड आला, व्हॅली आणि वॉलमन यांनी संपादित केलेला. त्याचं नावच ‘व्हॅक्यूम ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर्स’. नाव वाचून वाटतं, हेच हवं होतं. उघडल्यावर कळतं की तो रडारसाठी लागणाऱ्या पल्स आणि रुंद बँडविड्थच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ग्रंथ आहे. त्याच्या क्षेत्रात तो उत्तमच आहे, पण स्पीकरला जोडायचा अ‍ॅम्प्लिफायर त्यातून शिकायला बसलात तर महिनाभरात हात टेकाल.

आम्ही शेवटी तीन प्रकारची पुस्तकं जवळ ठेवली आणि प्रत्येकाला वेगळं काम दिलं. एक वाचायचं, एक शोधायचं आणि एक समोर उघडं ठेवून आकडे घ्यायचं.

वाचायचं पुस्तक आजच्या काळातलं असावं, कारण त्यातले सुटे भाग आज मिळतात, मापनाची साधनं आजची असतात आणि लेखक सिलिकॉन डायोड, मॉस्फेट वगैरे माहीत असलेल्या वाचकाशी बोलत असतो. हाय-फायसाठी मॉर्गन जोन्स यांचं ‘व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर्स’ आम्ही धरलं. पहिली आवृत्ती १९९५ची, चौथी २०१२ची. गिटारच्या बाजूला मर्लिन ब्लेनकाउ यांची प्रीअ‍ॅम्पवरची मांडणी फार स्वच्छ आहे, लोड लाइन, म्हणजे ट्यूबच्या वक्रांवर लोडची रेघ ओढून हिशेब करण्याची पद्धत, तर तिथूनच शिकावी. मात्र गिटारचं पुस्तक आणि हाय-फायचं पुस्तक एकमेकांत मिसळताना सावध राहावं लागतं. ते का, हे पुढे आकड्यांनिशी येईलच.

शोधायचं पुस्तक म्हणजे ‘रेडिओट्रॉन डिझायनर्स हँडबुक’, लँगफर्ड-स्मिथ यांनी संपादित केलेली चौथी आवृत्ती, दीड हजाराच्या आसपास पानांची. हे पुस्तक आम्हाला मनापासून प्रिय आहे, तरीही नवशिक्याच्या हातात ते पहिलं पुस्तक म्हणून देऊ नये. ते कोशासारखं आहे. प्रश्न घेऊन जायचं, उत्तर घेऊन यायचं. निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा काही हिस्सा उलटा करून परत आत देणं, सातव्या प्रकरणात, ऑडिओ व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायर बाराव्यात, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर तेराव्यात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्या जाडजूड ग्रंथातली एवढीच तीन प्रकरणं उघडली तरी पुष्कळ.

तिसरं म्हणजे ट्यूब मॅन्युअल आणि डेटाशीट. आरसीएच्या ‘रिसीव्हिंग ट्यूब मॅन्युअल’ची शेवटची आवृत्ती, आरसी-३०, १९७५ची. लोक ते फक्त पिन नंबर बघायला वापरतात, हे पाहून वाईट वाटतं. त्याच्या सुरुवातीची प्रकरणं म्हणजे ट्यूब कशी चालते आणि दिलेले आकडे कसे वाचायचे याचा नेटका, आटोपशीर पाठ आहे. शिवाय रेझिस्टन्स-कपल्ड अ‍ॅम्प्लिफायरचे तयार तक्ते त्यात आहेत. आपण हिशेब करून काढलेला गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) त्या तक्त्याशी ताडून बघता येतो, चुकला असेल तर तिथेच कळतं.

चौथं पुस्तक घ्यायचा मोह झाला की आम्ही त्याला तीन प्रश्न विचारतो. लोड लाइन काढताना ते डीसी लोड आणि एसी लोड वेगळे दाखवतं का? कॅथोडच्या (ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) बायपास कंडेन्सरचा हिशेब करताना फक्त कॅथोड रेझिस्टर घेतं, की कॅथोडच्या आतून दिसणारा रोधही धरतं? आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल बोलताना इम्पीडन्सच्या पुढे जाऊन प्रायमरीच्या इंडक्टन्सचं नाव काढतं का? तिन्हीचं उत्तर नाही असेल तर ते सर्किटांचा संग्रह आहे, डिझाइनचं पुस्तक नाही. संग्रहही उपयोगी पडतात, पण त्यातून ‘हा रेझिस्टर १.५ किलोओहमच का’ हे कधीच कळत नाही.

जुन्या पुस्तकांत शिरण्याआधी भाषेची एक चिठ्ठी करून मुखपृष्ठाच्या आत चिकटवावी. इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग अमेरिकन पुस्तकात प्लेट, ब्रिटिश पुस्तकात अ‍ॅनोड. इथे ट्यूब, तिथे व्हॉल्व्ह. अमेरिकन जीएम (ग्रिड, म्हणजे करंट ताब्यात ठेवणारी जाळी, तिच्यावरच्या एका व्होल्टला प्लेट करंट किती बदलतो) म्हणजे युरोपियन डेटाशीटमधला एस, आणि आरपी (प्लेटचा आतला रोध) म्हणजे तिथला आरआय. १६०० मायक्रोम्हो म्हणजेच १.६ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट. मायक्रो-मायक्रोफॅरड म्हणजे पिकोफॅरड. सायकल्स म्हणजे हर्ट्झ. सगळ्यात घातक आहे तो इंग्रजी मोठा ‘एम’. काही जुन्या अमेरिकन आकृत्यांत तो ‘हजार’ या अर्थाने येतो आणि दशलक्षासाठी ‘मेग’ लिहिलेलं असतं. ‘१०० एम’ वाचून १०० मेगओहमचा रेझिस्टर शोधत बसू नका, तो १०० किलोओहमचा आहे. आणखी एक गोष्ट: ट्यूबच्या पायांची आकृती जवळजवळ नेहमी खालून बघितलेली असते. सॉकेट उलटं धरायचं, फटीपासून सुरू करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचं. वरून मोजून जोडलं की सगळंच आरशातल्यासारखं उलट होतं.

आता प्रत्यक्ष पद्धत. प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटायचं, एक ट्यूब घ्यायची आणि तोच हिशेब स्वतः करायचा. मग जोडायचं, मोजायचं आणि वहीत तीन रकाने करायचे: हिशेबाने किती, मीटरने किती, फरक का. या तिसऱ्या रकान्यातूनच खरं शिक्षण होतं. सरावाला आम्ही १२एएक्स७ घेतो. युरोपात हीच ईसीसी८३. डेटाशीटमध्ये २५० व्होल्ट, उणे २ व्होल्ट बायस (ग्रिडवरचं स्थिर व्होल्टेज), १.२ मिलिअँपिअर या बिंदूला म्यू (ट्यूबचा कमाल गेन) १००, आरपी ६२.५ किलोओहम आणि जीएम १.६ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट. तीन आकडे एकमेकांशी जुळतात का हे आधी बघावं: म्यू म्हणजे जीएम गुणिले आरपी, १.६ गुणिले ६२.५ बरोबर १००. जुळले.

प्लेटचे वक्र शक्य तितक्या मोठ्या कागदावर छापून घ्या. स्कॅन केलेलं पान बऱ्याचदा तिरकं किंवा एका बाजूला ताणलेलं असतं, म्हणून पट्टी लावून डाव्या आणि उजव्या टोकाचे चौकोन सारखे आहेत का ते आधी मोजा. मग सप्लाय ३०० व्होल्ट आणि प्लेट रेझिस्टर १०० किलो धरा. ३०० भागिले १०० किलो म्हणजे ३ मिलिअँपिअर. खालच्या अक्षावर ३०० व्होल्टला एक टिंब, उभ्या अक्षावर ३ मिलिअँपिअरला दुसरं टिंब, दोन्ही जोडणारी रेघ ओढा. ही डीसी लोड लाइन. आता १.५ किलोच्या कॅथोड रेझिस्टरची रेघ. ०.६७ मिलिअँपिअरला त्यावर १ व्होल्ट पडतो, १ मिलिअँपिअरला दीड व्होल्ट, १.३३ ला २ व्होल्ट. म्हणून उणे १च्या वक्रावर ०.६७ला, उणे दीडवर १ला, उणे २वर १.३३ला टिंबं द्या आणि जोडा. दोन रेघा जिथे छेदतात तो कार्यबिंदू. तो १ मिलिअँपिअरच्या जरा वर येतो, प्लेटवर १९० ते २०० व्होल्ट.

दोन्ही रेघा पेन्सिलीने, बारीक टोकाच्या. हे काम संगणकावर दोन सेकंदांत होतं हे आम्हाला ठाऊक आहे. तरी पहिले दहा कार्यबिंदू हाताने काढावेत, कारण रेघ सरकवताना वक्र कुठे जवळजवळ येतात आणि कुठे लांब जातात हे डोळ्यांना दिसतं, आणि डिस्टॉर्शन म्हणजे दुसरं काही नाही, तेच आहे. समजा ग्रिडवरचा सिग्नल दीड व्होल्ट वर आणि दीड व्होल्ट खाली गेला, आणि तुमच्या कागदावर प्लेट १९५ वरून एकीकडे १०० पर्यंत उतरली, दुसरीकडे २७० पर्यंत चढली. एका बाजूला ९५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ७५. फरकाचा निम्मा १०, एकूण झोका १७०. दहा भागिले एकशेसत्तर, म्हणजे सुमारे ६ टक्के दुसरा हार्मोनिक. इथे एक इशारा. बरीच पुस्तकं झोका शून्य ग्रिड व्होल्टपर्यंत नेतात. प्रत्यक्षात १२एएक्स७ ची ग्रिड त्याच्या आधीच, उणे अर्धा ते उणे एक व्होल्टच्या आसपास, थोडा करंट ओढायला लागते. मागच्या स्टेजचा रोध मोठा असेल तर माथा तिथेच चपटा होतो. कागदावरचे शेवटचे अर्धा-एक व्होल्ट आपले नाहीत असं धरून चालावं.

एसी लोडचा मुद्दा इथे येतो. पुढच्या ट्यूबचा ग्रिड रेझिस्टर ४७० किलो असेल तर सिग्नलला १०० किलो दिसत नाही, दोन्हींचं समांतर ८२.५ किलो दिसतं. गेन म्हणजे म्यू गुणिले लोड, भागिले लोड अधिक आरपी. शंभर गुणिले ८२.५ भागिले १४५, म्हणजे ५७. कॅथोडचा कंडेन्सर काढून टाकला तर सूत्राच्या छेदात म्यू अधिक एक पट कॅथोड रेझिस्टर, म्हणजे १५१.५ किलो, वाढतो आणि गेन जेमतेम २८ वर येतो.

सूत्र पुस्तकातलं असलं तरी छापण्यात चूक राहू शकते. आम्ही प्रत्येक सूत्राला दोन टोकांना ढकलून बघतो. लोड अनंत केला तर गेन म्यूइतका यायला हवा. येतो. लोड शून्य केला तर गेन शून्य. येतो. या दोन चाचण्यांत न टिकणारं सूत्र वहीत उतरवायचं नाही.

याच कॅथोड कंडेन्सरवर पुस्तकांची पारख होते. अनेक सोपी पुस्तकं १.५ किलो आणि २५ मायक्रोफॅरड घेऊन कट-ऑफ, म्हणजे ज्या फ्रीक्वेन्सीच्या खाली गेन उतरू लागतो ती, ४.२ हर्ट्झ असं उत्तर देतात. पण कंडेन्सरला फक्त रेझिस्टर दिसत नाही, कॅथोडमधून वर बघितल्यावर दिसणारा रोधही दिसतो: लोड अधिक आरपी, भागिले म्यू अधिक एक. १४५ किलो भागिले १०१, म्हणजे १.४४ किलो. तो १.५ किलोला समांतर, म्हणजे ७३३ ओहम. खरं उत्तर ८.७ हर्ट्झ, दुपटीहून जास्त. २५ मायक्रोफॅरडला दोन्ही उत्तरं चालून जातात म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. आता गिटारच्या पुस्तकातली ०.६८ मायक्रोफॅरडची किंमत हाय-फायच्या सर्किटात बसवा. कट-ऑफ ३२० हर्ट्झच्या जवळ जातो, आणि त्याच्या खाली गेन हळूहळू ५७ वरून २८ वर, सहा डेसिबलने उतरतो. गिटारला ते हवं असतं, खालचा घुमारा कमी होऊन तार मोकळी वाजते. तबल्याचा डग्गा मात्र त्यात हरवतो. गिटारच्या पुस्तकाची यात काहीच चूक नाही, ते पुस्तक ज्या कामासाठी आहे त्यात ते बरोबर आहे.

ज्या एका गोष्टीवर सोप्या पुस्तकांत अर्धंच पान असतं आणि तिच्यासाठी दोन दिवस द्यावे लागतात, ती म्हणजे मिलर कपॅसिटन्स. डेटाशीटमध्ये ग्रिड-प्लेट कपॅसिटन्स १.७ पिकोफॅरड लिहिलेला असतो, इतका किरकोळ की नजर त्यावरून निसटते. पण प्लेट ५७ पट उलट दिशेने हलत असते, म्हणून ग्रिडला तो ५८ पट मोठा दिसतो. १.७ गुणिले ५८ अधिक ग्रिड-कॅथोडचे १.६, झाले सुमारे १०० पिकोफॅरड. सॉकेट आणि तारा यांचे वेगळे. आता मागे ५०० किलोचा व्हॉल्यूम कंट्रोल आहे असं धरा. कंट्रोल विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना त्याचा आउटपुट रोध सगळ्यात जास्त, २५० किलोला २५० किलो समांतर, म्हणजे १२५ किलो. त्यावर १०० पिकोफॅरड: कट-ऑफ १२.७ किलोहर्ट्झ. कंट्रोल पूर्ण उघडला की झांजेचा आवाज परत येतो, मध्यावर आणला की मंद होतो. लोक मग कपलिंग कंडेन्सर बदलत बसतात आणि त्याने काहीच होत नाही. १०० किलोचा कंट्रोल लावला तर मध्यावर २५ किलो आणि कट-ऑफ ६० किलोहर्ट्झच्या पुढे. हे वहीत मांडायचं, मग सिग्नल जनरेटर लावून १ किलोहर्ट्झ आणि १५ किलोहर्ट्झला मोजायचं. पण हे मोजताना स्कोपचा प्रोब ग्रिडवर लावू नका, प्रोबची स्वतःची कपॅसिटन्स त्यात मिसळते. प्लेटनंतर, कपलिंग कंडेन्सरच्या पलीकडे मोजा.

मोजमापाबद्दल जुन्या पुस्तकांचा एक खास सापळा आहे. आकृतीवर छापलेले व्होल्टेज कधीकधी प्रति व्होल्ट १००० ओहमच्या मीटरने घेतलेले असतात. असा मीटर ३०० व्होल्टच्या रेंजवर ३०० किलोचा भार टाकतो. आपल्या १२एएक्स७ च्या प्लेटचा डीसी रोध, कॅथोड रेझिस्टरचा परिणाम धरून, सुमारे ६८ किलो. म्हणजे जिथे खरे २०० व्होल्ट आहेत तिथे तो मीटर १६३ दाखवतो. आजचा १० मेगओहमचा डिजिटल मीटर २०० च्या अगदी जवळ दाखवेल आणि तुम्ही उगाच दोष शोधत बसाल. पान उलटून ‘व्होल्टेज कोणत्या मीटरने मोजले’ ही बारीक अक्षरांतली ओळ आधी शोधा.

तिसऱ्या रकान्यासाठी आमचा ढोबळ नियम: फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जायचं. वीस टक्क्यांपर्यंत असेल तर आधी सप्लाय व्होल्टेज, मग रेझिस्टर सुटा करून त्याची खरी किंमत, मग दुसरी ट्यूब, या क्रमाने बघायचं. त्याहून जास्त असेल तर जोडणी चुकली आहे. डेटाशीटचे वक्र सरासरी ट्यूबचे असतात, तुमच्या हातातल्या ट्यूबचे नसतात.

आउटपुट स्टेजकडे वळताना डेटाशीट अक्षरशः शब्द न् शब्द वाचावी लागते. आउटपुट ट्यूब ईएल८४ घ्या. सिंगल-एंडेड क्लास ए साठी (एकच आउटपुट ट्यूब, तिच्यात करंट सतत वाहता) दिलेले आकडे: प्लेट २५० व्होल्ट, स्क्रीन (दुसरी जाळी) २५० व्होल्ट, प्लेट करंट ४८ मिलिअँपिअर, स्क्रीन करंट ५.५, कॅथोड रेझिस्टर १३५ ओहम, लोड ५.२ किलो, आउटपुट ५.७ वॉट. नवखा माणूस २५० व्होल्टचा सप्लाय बांधतो आणि आउटपुट कमी का म्हणून विचारतो. हे २५० व्होल्ट कॅथोडपासून मोजलेले आहेत. कॅथोडमधून ५३.५ मिलिअँपिअर जातात, १३५ ओहमवर ७.२ व्होल्ट पडतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा डीसी रोध ३०० ओहम असेल तर तिथे आणखी १४ व्होल्ट. म्हणजे सप्लाय सुमारे २७२ व्होल्ट हवा. उलट्या बाजूची चूक अधिक महाग पडते: २५० गुणिले ४८ मिलिअँपिअर म्हणजे नेमके १२ वॉट, आणि ईएल८४ च्या प्लेटची मर्यादाही १२ वॉटच आहे. म्हणजे हा कार्यबिंदू काठावरचा आहे. सप्लाय ३०० झाला तर कॅथोड रेझिस्टर वाढवायलाच हवा, नाहीतर अंधारात बघितल्यावर प्लेट लालसर दिसू लागते. त्या रेझिस्टरमध्ये स्वतः ०.३९ वॉट जळतात, म्हणून तिथे २ वॉटचा घाला.

आणि ते ५.७ वॉट १० टक्के डिस्टॉर्शनला दिलेले आहेत. हे त्याच तक्त्यात लिहिलेलं असतं, फक्त दोन ओळी खाली. डेटाशीट खोटं बोलत नाही, आपणच अर्धी वाचतो.

त्याच पानावर ग्रिड रेझिस्टरची कमाल मर्यादा असते: कॅथोड बायसला (कॅथोड रेझिस्टरमुळे मिळणारा) १ मेगओहम, फिक्स्ड बायसला (वेगळ्या सप्लायने दिलेला) ३०० किलो. दोन वेगळे आकडे का, याचं उत्तर पुस्तकात शोधावं. ग्रिडमधून अगदी सूक्ष्म उलटा करंट जात असतो, ट्यूब तापली की वाढतो. मोठ्या रेझिस्टरवर तो बायस कमी करतो, प्लेट करंट वाढतो, ट्यूब आणखी तापते. कॅथोड रेझिस्टर असेल तर तो या चढत्या चक्राला लगाम घालतो, फिक्स्ड बायसमध्ये लगाम नसतो. आम्ही घेतलेले ४७० किलो कॅथोड बायसला चालतात. हाच रेझिस्टर तसाच ठेवून कुणी फिक्स्ड बायस केला तर अ‍ॅम्प्लिफायर तासभर छान वाजेल आणि मग ट्यूब जाईल.

मर्यादा वाचताना त्या कोणत्या पद्धतीच्या आहेत तेही बघा. जुन्या डेटाशीटमध्ये ‘डिझाइन सेंटर’ असेल तर मेनमधले नेहमीचे चढ-उतार आणि सुट्या भागांतला फरक धरून थोडी जागा आधीच सोडलेली आहे. ‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम’ असेल तर सगळ्यात वाईट परिस्थितीतही ती ओलांडायची नाही, जागा तुम्ही सोडायची. दोन कंपन्यांच्या डेटाशीटमध्ये एकाच ट्यूबचे आकडे वेगळे दिसण्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं.

ट्रान्सफॉर्मरचा हिशेब छोटा आहे. ५.२ किलो भागिले ८ ओहम, त्याचं वर्गमूळ २५.५. सेकंडरीला जनरेटरमधून १ व्होल्ट एसी दिला तर प्रायमरीवर साडेपंचवीस दिसायला हवेत. अवघड भाग आहे इंडक्टन्स. ईएल८४ चा आरपी ३८ किलो, तो लोडला समांतर धरला की ४.६ किलो. ३० हर्ट्झला तीन डेसिबलपेक्षा जास्त घट नको असेल तर सुमारे २४ हेन्री लागतात, तेही ४८ मिलिअँपिअर डीसी वाहत असताना. म्हणून कोअरमध्ये फट ठेवावी लागते, फट ठेवली की इंडक्टन्स घटतो, तो परत मिळवायला कोअर मोठा करावा लागतो. मुठीत मावणारा सिंगल-एंडेड ट्रान्सफॉर्मर खालचे स्वर का देत नाही, त्याचं कारण हे.

पॉवर सप्लायचं प्रकरण लोक शेवटी वाचतात. ते पहिला वेडावाकडा डाग देण्याआधी वाचायला हवं. बहुतेक जुन्या पुस्तकांत रेक्टिफायरचे जे आलेख दिसतात ते ओ. एच. शेड यांच्या १९४३ सालच्या कामातून आलेले आहेत. त्यात आडव्या अक्षावर ओमेगा-सी-आर (ओमेगा म्हणजे २π गुणिले फ्रीक्वेन्सी) असतं, म्हणून ओमेगा तुमच्या मेनच्या फ्रीक्वेन्सीचा घ्यायचा. अमेरिकन पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण ६० हर्ट्झचं असतं. ५० हर्ट्झला त्याच कंडेन्सरवर रिपल जास्त येतो: ६० मिलिअँपिअर आणि ४७ मायक्रोफॅरडला, फुल-वेव्हमध्ये, माथ्यापासून तळापर्यंत साधारण १२ ते १३ व्होल्ट. व्हॅक्यूम रेक्टिफायर वापरत असाल तर पहिल्या कंडेन्सरवर बंधन असतं. जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरडपर्यंत. आजचे कंडेन्सर लहान आणि मोठ्या किमतीचे मिळतात म्हणून तिथे २२० लावण्याचा मोह होतो, आणि चालू करताना रेक्टिफायरमध्ये ठिणगी उडते.

सुरक्षिततेबद्दल जुनी पुस्तकं फार कमी बोलतात, कारण त्यांचा वाचक रोज त्याच व्होल्टेजवर हात चालवणारा होता. म्हणून हे इथे सविस्तर. प्रत्येक सप्लायला ब्लीडर, म्हणजे कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर, कायमचा जोडा. ४७ मायक्रोफॅरडवर २२० किलो लावला तर टाइम कॉन्स्टंट १० सेकंदांचा, ३०० व्होल्ट ५० पर्यंत यायला १८-१९ सेकंद. त्यात ०.४ वॉट जळतात, पण लहान रेझिस्टरची व्होल्टेजची मर्यादाही असते, म्हणून २ वॉटचा घ्या. ब्लीडर तुटलेला असू शकतो हे धरून दर वेळी मीटर लावून बघा, मगच हात घाला. एक हात खिशात. चॅसिस अर्थ केलेली. एकट्याने, थकल्यावर, रात्री उशिरा चालू सर्किटवर काम नको.

फीडबॅक सगळ्यात शेवटी. हिशेब मोहक आणि सोपा असतो. ईएल८४ ला पूर्ण आउटपुटसाठी ४.३ व्होल्ट आरएमएस लागतात, ८ ओहमवर ५.७ वॉट म्हणजे ६.७५ व्होल्ट. १२एएक्स७ चा गेन ५७, म्हणून इनपुटला ७५ मिलिव्होल्ट आणि एकूण गेन ९०. ट्रान्सफॉर्मरमधली घट यात धरलेली नाही. १२ डेसिबल फीडबॅक म्हणजे चारपट घट. तीन भागिले नव्वद, म्हणजे आउटपुटचा तिसावा हिस्सा परत न्यायचा. कॅथोडच्या तळाशी १०० ओहम बायपासशिवाय ठेवला तर फीडबॅक रेझिस्टर २.९ किलो येतो, २.७ किंवा ३ किलो लावा. संवेदनशीलता ०.३ व्होल्टवर येते, जी हवीच आहे.

पण फीडबॅकचं प्रकरण फक्त गेनसाठी वाचू नका. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आलेला विल्यमसन यांचा केटी६६ ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर आउटपुट ट्रान्सफॉर्मरसकट २० डेसिबल फीडबॅक घेत होता, आणि त्या लेखाचा मोठा भाग ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा यावर होता. ते उगाच नव्हतं. कमी फ्रीक्वेन्सीला कपलिंग कंडेन्सर, कॅथोड कंडेन्सर आणि ट्रान्सफॉर्मरचा इंडक्टन्स, तिघंही फेज फिरवतात. तिघांचे कट-ऑफ जवळजवळ आले तर अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीन हर्ट्झला डोलू लागतो, ऐकू येत नाही पण स्पीकरचा कोन पुढे-मागे श्वास घेतल्यासारखा हलताना दिसतो. आपल्या उदाहरणात कॅथोडचा कट-ऑफ ८.७ हर्ट्झ. कपलिंगला ०.०२२ मायक्रोफॅरड लावला तर १४ हर्ट्झ, अगदी शेजारी. ०.१ लावला तर ३ हर्ट्झ, बराच लांब. म्हणून ०.१.

पहिल्यांदा फीडबॅकची तार जोडताना स्पीकर काढा, ८ ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर लावा आणि स्कोप आउटपुटवर ठेवा. तार टेकवताच आवाज वाढला किंवा किंचाळी आली तर दिशा उलटी आहे, सेकंडरीची दोन टोकं बदला. गेन कमी झाला तर दिशा बरोबर. मग १० किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल द्या. कोपऱ्यावर दोन-तीन लहरी उठून विरल्या तर ठीक, शेवटपर्यंत टिकल्या तर फीडबॅक रेझिस्टरला समांतर १०० पिकोफॅरडपासून सुरू करून लहरी विरतील इतका कंडेन्सर वाढवत न्या. नंतर लोडच्या रेझिस्टरला समांतर ०.१ मायक्रोफॅरड टेकवून पुन्हा बघा, आणि शेवटी लोड काढून फक्त ०.१ ठेवून, सिग्नल बंद करून बघा. या शेवटच्या अवस्थेत रेघ सरळ राहिली तर फीडबॅक रेझिस्टर आणि कंडेन्सरच्या किमती, तारीख आणि ट्यूबवरचा छाप वहीत लिहा, आणि ‘रेडिओट्रॉन’च्या सातव्या प्रकरणाच्या समासात वहीच्या त्या पानाचा नंबर टाका.